डायनामो गेला, सवय राहिली



आजचा विषय रोजच्या कटकटीचा आहे. सकाळी चावी फिरवावी, बॉनेटखालून नुसता 'टक्' असा आवाज यावा आणि गाडीनं मान टाकावी. शेजारीपाजारी गोळा होतात. एक म्हणतो, बॅटरी बसली. दुसरा म्हणतो, डायनामो चार्ज करत नसेल. चौघं मिळून धक्का मारतात, गाडी चालू होते, आणि मग गर्दीतला एखादा जाणता माणूस पाना घेऊन पुढे येतो. 'थांबा, आत्ता निकाल लावतो,' म्हणत तो चालू गाडीच्या बॅटरीचं एक टर्मिनल उपसतो. इंजिन बंद पडलं तर डायनामो गेला. चालू राहिलं तर बॅटरी गेली. दोन मिनिटांत न्यायनिवाडा.

साताऱ्यात विचारा, कराडला विचारा, विट्याला नाहीतर मिरजेला विचारा. ही परीक्षा ठाऊक असलेला माणूस तुम्हाला पहिल्याच चहाच्या टपरीवर भेटेल. आज मी या परीक्षेचीच गोष्ट सांगणार आहे. ती कुठल्या यंत्रासाठी जन्माला आली, त्या काळात ती का चालून गेली, कधीपासून ती घातक झाली, आणि आज तिच्या जागी घरच्या घरी काय करायचं. म्हणजे अर्धा भाग इतिहासाचा आणि अर्धा भाग पान्याचा. दोन्ही एकाच ठिकाणी जातात, ते ऐकता ऐकता कळेलच.

विजेशिवाय चालणारी इंजिनं

सुरुवात गाडीपासून नको, विहिरीपासून करू.

आजचे सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे पूर्वी बऱ्याच अंशी एकच होते. १९४९ साली 'दक्षिण सातारा' हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. या पट्ट्याला यंत्राची ओळख लवकर झाली. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या कुंडलजवळच्या माळावर कारखाना उभारला, त्याला आज आपण किर्लोस्करवाडी म्हणतो. लोखंडी नांगर, चरक, पंप तिथून खेड्यांत गेले. १९२० पासून तिथूनच एक मासिकही निघायला लागलं, हे तुम्हाला माहीत असेलच. १९२२ मध्ये सातारा रोडला धनजीशा कूपर यांचा कारखाना सुरू झाला. तिथं पुढे, १९३० च्या दशकात, डिझेल इंजिनं तयार व्हायला लागली.

ही विहिरीवरची इंजिनं कशी चालू व्हायची? हँडलनं. एक लिव्हर वर करून आतला दाब सोडायचा, जड चाकाला दोन्ही हातांनी गती द्यायची आणि गती आली की लिव्हर पाडायचा. धक् धक् करत काळा धूर निघाला की झालं काम. त्या इंजिनात बॅटरी नव्हती, स्पार्क प्लग नव्हता. डिझेल इंजिनात हवा इतकी दाबली जाते की ती तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा गेला की तो आपोआप पेटतो. विजेचा कुठेही संबंध नाही.

म्हणून इथल्या शेतकऱ्याच्या हातात पहिलं ज्ञान आलं ते असं: डिझेल आहे, हवा आहे, दाब आहे, तर इंजिन चालणार. हे ज्ञान खरं आहे. फक्त ते सगळ्या इंजिनांना लागू नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे त्याची गरज पडणार आहे.

डायनामोचं राज्य

पेट्रोलच्या गाडीचं गणित वेगळं. तिथं पेट्रोल पेटवायला ठिणगी लागते. सुरुवातीच्या मोटारी हँडल मारूनच चालू करत. हँडल उलटलं की मनगट मोडायचं, म्हणून जुने ड्रायव्हर अंगठा हँडलभोवती न वळवता बोटांच्याच बाजूला ठेवायला शिकवायचे. १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंगनं बसवलेला विजेचा स्टार्टर आला आणि हँडल हळूहळू मागं पडलं. पण स्टार्टर आला की त्याला दमदार बॅटरी लागते, आणि बॅटरी आली की तिला भरणारं यंत्र लागतं. ते यंत्र म्हणजे डायनामो. आजच्या आपल्या सगळ्या चार्जिंगच्या तक्रारींचं मूळ इथं आहे.

आपल्याकडे हा डायनामो खेड्यापर्यंत पोचला तो मुख्यतः जीपबरोबर. दुसऱ्या महायुद्धातली विलिस जीप ६ व्होल्टची होती. महायुद्धानंतर महिंद्रांनी मुंबईत जीपची जोडणी सुरू केली. मॉरिस ऑक्सफर्डवरून ॲम्बॅसडर आली, फियाट ११०० पुढे प्रीमियर पद्मिनी झाली. प्रीमियर ऑटोमोबाइल्स हा कारखाना वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये काढला. साताऱ्याचा कूपर कारखानाही त्याआधी त्यांच्याच उद्योगसमूहाकडे गेला होता. आणि सांगलीत १९४७ साली सुरू झालेलं अभियांत्रिकी महाविद्यालय आज त्यांच्याच नावानं ओळखलं जातं. नांगर, इंजिन, मोटार आणि इंजिनिअर, सगळे धागे या दोन जिल्ह्यांत असे एकमेकांत अडकलेत.

आता डायनामो आतून कसा असतो ते बघू, कारण ती टर्मिनल उपसायची परीक्षा त्याच्या पोटातून आली आहे.

डायनामोत बाहेरचं चुंबक स्थिर असतं आणि आत तारा गुंडाळलेलं आर्मेचर फिरतं. वीज तयार होते ती आतल्या फिरत्या भागात. ती बाहेर काढायला तांब्याच्या पट्ट्यांचा कम्युटेटर आणि त्यावर घासणारे दोन कार्बन. सगळा प्रवाह त्या कार्बनमधून जातो, त्यामुळे ते झिजतात, ठिणग्या पडतात, पट्ट्या काळ्या होतात. शिवाय इंजिन हळू चालत असेल तेव्हा डायनामो जवळपास काहीच देत नाही. उलट अशा वेळी बॅटरीतलीच वीज डायनामोत शिरू बघते. ते थांबवायला 'कट-आऊट' नावाचा रिले लावलेला असायचा. आणि व्होल्टेज हद्दीत ठेवायला त्याच डब्यात दुसरा एक कंप पावणारा रेग्युलेटर. त्याचे पॉइंट सेकंदाला कितीतरी वेळा उघडझाप करायचे, आणि मिस्त्री ते बारीक पॉलिश पेपरनं साफ करायचा.

मग बिघाड ओळखायचा कसा? जीपच्या डॅशबोर्डवर अँपिअरचा काटा होता. काटा अधिककडे कलला तर बॅटरी भरतेय, उणेकडे कलला तर ती रिकामी होतेय. एवढं सरळ. दुसरी खूण रात्रीची. रेस दिली की हेडलाइट उजळला तर डायनामो देतोय. तिसरी रीत गॅरेजची. डायनामोच्या 'डी' आणि 'एफ' या टोकांच्या तारा काढायच्या, दोन्ही टोकं एका तारेनं जोडायची, तिथून बॉडीपर्यंत व्होल्टमीटर लावायचा आणि इंजिन हळूहळू वाढवायचं. काटा न अडखळता वर चढला तर डायनामो ठणठणीत, दोष रेग्युलेटरच्या डब्यात.

पण व्होल्टमीटर होता कुणाकडे? तालुक्याच्या गॅरेजमध्येही तो असेलच असं नाही. म्हणून चौथी रीत आली, टर्मिनल उपसण्याची. त्यामागचा तर्क अगदी पक्का आहे. पेट्रोल इंजिनाला ठिणगीसाठी वीज लागतेच. बॅटरी बाजूला काढली की वीज देणारा एकटा डायनामो उरतो. थोडी रेस देऊन इंजिन चालू राहिलं, म्हणजे डायनामो वीज बनवतोय. बंद पडलं, म्हणजे बनवत नाही. इंजिनालाच मीटर बनवलं होतं या लोकांनी! गरिबाचा मीटर. मला या युक्तीचं खरंच कौतुक वाटतं. त्यात फार तर दोन बल्ब उडायचे, कारण बॅटरी नसताना व्होल्टेज वरखाली होतं. उडण्यासारखं दुसरं काही त्या गाडीत नव्हतंच.

तरीही ही परीक्षा तेव्हासुद्धा अर्धवटच होती. डायनामो वीज बनवतो का, एवढंच ती सांगायची. पुरेशी बनवतो का, जास्त बनवून बॅटरीचं पाणी उकळवतो का, हे तिला कळत नव्हतं.

अल्टरनेटर आला, नाव तेच राहिलं

१९६० मध्ये अमेरिकेत क्रायस्लर कंपनीनं आपल्या व्हॅलियंट गाडीला डायनामोऐवजी अल्टरनेटर बसवला आणि तिथून जगभर चाक फिरलं. हे शक्य झालं सिलिकॉनच्या छोट्या, स्वस्त डायोडमुळे. आपल्याकडे १९६१ मध्ये चेन्नईत लुकास-टीव्हीएस ही कंपनी स्थापन झाली. डायनामो, स्टार्टर आणि पुढे अल्टरनेटर या वस्तूंशी हे नाव आपल्या गॅरेजांत कायमचं चिकटलं. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, ती अल्टरनेटर घेऊनच.

अल्टरनेटरनं डायनामोची रचना उलटी केली. इथं फिरतं ते चुंबक, आणि वीज तयार होते बाहेरच्या स्थिर तारांत. फिरत्या चुंबकाला फक्त थोडासा प्रवाह पोचवायचा असतो, त्यामुळे कार्बन खूप टिकतात. बाहेरच्या तीन वेटोळ्यांत एसी वीज तयार होते आणि डायोड तिची डीसी करतात. डायोड वीज एकाच दिशेनं सोडतो, म्हणून कट-आऊटची गरज संपली. इंजिन मंद चालत असतानाही हा बऱ्यापैकी चार्ज करतो.

पण आपल्या बोलीत काय झालं? काही नाही. आजही गॅरेजमध्ये 'डायनामो काढून आणा' असंच म्हणतात. वस्तू बदलली, शब्द तोच राहिला. शब्द तोच राहिल्यामुळे परीक्षाही तीच राहिली. आणि घोटाळा इथं झाला.

सांगली-मिरजेच्या नदीकाठच्या शेतकऱ्याला हे एका उदाहरणात कळेल. नदीवरून दोन-तीन किलोमीटर पाइपलाइन टाकलेली आहे. मोटर जोरात पाणी ओढतेय. अशा वेळी शेताच्या टोकाचा व्हॉल्व्ह एकदम बंद केला तर काय होतं? वाहतं पाणी जागच्या जागी थांबू शकत नाही. धक्का मागं येतो आणि पाइप फुटतो. टर्मिनल उपसलं की अल्टरनेटरचं हेच होतं. त्याचा मोठा प्रवाह बॅटरीत जात होता, ती वाट अचानक बंद झाली. आतलं चुंबकत्व ओसरायला सेकंदाचा काही भाग लागतो, आणि तेवढ्या वेळात १२ व्होल्टच्या गाडीत व्होल्टेज ६० ते १०० च्या घरात उसळू शकतं. बॅटरी उतरलेली असेल, म्हणजे नेमकं आपण तपासत असू तेव्हा, अल्टरनेटर जास्तीत जास्त प्रवाह देत असतो. म्हणजे उसळीही मोठी.

आता त्या उसळीच्या वाटेवर बल्ब नाहीत. डायोड आहेत, इंजिनाचं ईसीयू आहे, मीटरचा कन्सोल आहे, एअरबॅगचं मॉड्यूल आहे. नवीन गाड्यांत संरक्षण दिलेलं असतं हे खरं, पण पुलाला कठडा आहे म्हणून कुणी त्यावर चालत नाही. आजच्या गाडीतलं ईसीयू बॅटरीच्या कितीतरी पट महाग पडतं. बॅटरी खराब आहे का हे बघायला गेलो आणि गाडीचा मेंदू गमावून आलो, असा तो सौदा.

आणि डिझेलच्या जुन्या गाड्यांत तर या परीक्षेला काही अर्थच नाही. आपल्याकडची वडापं आठवा. जीप, कमांडर, ट्रॅक्स. त्यातल्या जुन्या, यांत्रिक पंपाच्या डिझेल इंजिनाला चालू झाल्यावर वीज लागतच नाही. विहिरीवरच्या इंजिनासारखंच ते. टर्मिनल काढा, इंजिन आरामात चालत राहील, मग अल्टरनेटर जळून खाक झालेला का असेना! परीक्षा 'पास', बॅटरी बदलली, आणि आठ दिवसांनी नवी बॅटरीही बसली. पेट्रोल-डायनामोच्या काळातली परीक्षा आपण डिझेल-अल्टरनेटरच्या गाडीवर घेतली, उत्तर चुकीचं येणारच.

बॅटरी बसली तर?

इथं एक जण मला नक्की म्हणेल, की पूर्वीच्या गाड्या बऱ्या होत्या, बॅटरी बसली तरी हँडल मारलं की चालू. त्यात तथ्य आहे. पाटण, जावळीकडच्या डोंगरातल्या वाडीत रात्री दोन वाजता कुणाला दवाखान्यात न्यायचं असतं, तेव्हा गाडी चालू होणं ही चैन नसते. वाडीतली ती एकच गाडी रुग्णवाहिका असते.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावात, म्हणजे यशवंतराव चव्हाणांच्या जन्मगावी, दत्तात्रय लोहार यांनी भंगारातल्या भागांपासून एक छोटी चारचाकी बनवली. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी तिचं कौतुक केलं आणि ती देशभर गाजली. लोकांना सगळ्यात जास्त आवडलं काय असेल, तर ती मोटरसायकलसारखी किक मारून चालू व्हायची. हसू येतं खरं, पण मला त्यात या मातीतली जुनी समज दिसते. चाकाला गती दे, इंजिन चालू होईल. विहिरीवरच्या हँडलपासून देवराष्ट्र्याच्या किकपर्यंत एक सरळ रेघ आहे.

पण आज तुमच्या-माझ्या दारात जी गाडी उभी आहे तिला हँडलही नाही आणि किकही नाही. ऑटोमॅटिक गिअरची असेल तर धक्का मारूनही उपयोग नाही. म्हणून तिची बॅटरी बसण्याआधी कळणं महत्त्वाचं. आणि त्यासाठी गरिबाचा नवा मीटर आता खरोखरच बाजारात आहे. डिजिटल मल्टीमीटर काही शे रुपयांत मिळतो. आजोबांच्या काळात जो तालुक्याच्या गॅरेजला परवडत नव्हता, तो आज खिशात मावतो. टर्मिनल उपसण्याचं एकमेव कारण होतं मीटर नसणं. ते कारणच संपलंय.

घरी काय तपासायचं

आधी चार गोष्टी जिवाच्या. गाडी न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, जागा मोकळ्या हवेची. हातातली अंगठी, कडं, घड्याळ काढा, आणि ओढणी, पदर, उपरणं बेल्टपासून लांब. बॅटरीजवळ काडी, सिगारेट, ठिणगी नको, कारण चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. केबल काढायचीच वेळ आली तर इंजिन बंद करून, आधी उणेची काढा आणि लावताना ती शेवटी लावा.

पहिली पायरी डोळ्यांची. इंजिन बंद ठेवून बेल्ट बघा. चिरा, तेल, काचेसारखी चकाकी दिसली किंवा चालू करताना चिर्र आवाज येत असेल तर बेल्ट घसरतोय. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी आहे का? महाबळेश्वर-कोयनेच्या पावसाळ्यात ती पटकन धरते. खायचा सोडा कोमट पाण्यात कालवून ती धुवा, बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नका, कोरडं करा आणि घट्ट बसवून वर व्हॅसलीन लावा. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर पाण्याची पातळी बघा आणि डिस्टिल्ड पाणीच घाला. माण, खटाव, आटपाडी, जतचा उन्हाळा बॅटरीला थंडीपेक्षाही जास्त खातो, तिकडे हे दर महिन्याला बघा.

दुसरी पायरी लाल दिव्याची. चावी 'ऑन' केली की बॅटरीचं चिन्ह लागलं पाहिजे आणि इंजिन चालू झाल्यावर विझलं पाहिजे. चालू गाडीत ते पेटलं तर चार्जिंग नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. पण चावी ऑन केल्यावर ते लागतच नसेल तर? तेही वाईट. बऱ्याच जुन्या गाड्यांत त्या बल्बमधूनच अल्टरनेटरच्या चुंबकाला सुरुवातीचा प्रवाह मिळतो. पाच रुपयांचा बल्ब उडाला म्हणून अल्टरनेटर चार्ज करत नाही, असं होतं. अल्टरनेटर उतरवण्याआधी तो बल्ब आणि त्याची तार बघा.

तिसरी पायरी मीटरची. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा, लाल टोक बॅटरीच्या अधिकवर, काळं उणेवर. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत १२.६ च्या आसपास दिसलं तर बॅटरी भरलेली. १२.२ म्हणजे निम्मी. १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. आता कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. त्या क्षणी आकडा साडेनऊच्याही खाली कोसळत असेल तर बॅटरी थकली आहे, किंवा नुसती रिकामी आहे. आधी बाहेरून पूर्ण चार्ज करून पुन्हा बघा, मगच तिला दोष द्या.

चौथी पायरी, इंजिन चालू. आता १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आकडा हवा. १३ च्या खाली राहिला आणि रेस देऊनही वाढत नसेल तर चार्जिंग नाही. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर गेलाय आणि तो बॅटरी उकळवून मारणार. मग हेडलाइट, एसीचा पंखा, मागच्या काचेची तार, सगळं चालू करा आणि थोडी रेस द्या. तरी आकडा साडेतेराच्या आसपास टिकला पाहिजे. नव्या गाड्यांत एक अपवाद आहे. त्यांत ईसीयू मुद्दाम चार्जिंग कमी-जास्त करतं, म्हणून कधी १२.८ दिसलं तर लगेच घाबरू नका. लोड टाकून आणि थोडा वेळ चालवून पुन्हा मोजा.

पाचवी पायरी बहुतेक जण विसरतात, आणि विनाकारण बदललेल्या अल्टरनेटरचं कारण अनेकदा इथंच असतं. इंजिन आणि लाइट चालू ठेवून मीटरचं एक टोक अल्टरनेटरच्या जाड तारेच्या बोल्टवर आणि दुसरं बॅटरीच्या अधिकवर ठेवा. फरक ०.३ व्होल्टच्या आत हवा. मग एक टोक अल्टरनेटरच्या अंगावर आणि दुसरं बॅटरीच्या उणेवर. इथं ०.२ च्या आत. जास्त आला तर अल्टरनेटर बिचारा काम करतोय, वाटेतली तार किंवा अर्थ गंजलाय. एक अर्थची पट्टी घासून साफ करणं हे फुकटचं काम आहे.

सहावी पायरी. चार्जिंग बरोबर आहे, तरी दोन दिवस उभी राहिली की बॅटरी बसते. मग वीज कुठेतरी गळतेय. गाडी बंद करा, उणेची केबल काढा, मीटर अँपिअरवर ठेवून केबल आणि टर्मिनल यांच्यामध्ये जोडा. अर्धा तास थांबा, कारण आजच्या गाड्यांतले कॉम्प्युटर झोपायला वेळ घेतात. ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर ठीक. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा, ज्या फ्यूजला आकडा उतरेल तिथं चोर. मीटर असा जोडलेला असताना स्टार्टर मात्र मारू नका, मीटरचाच फ्यूज जाईल.

चोर बहुतेक वेळा आपणच बसवलेला असतो. गळीत हंगामात कारखान्यावर ऊस घेऊन जाणारे ट्रॅक्टर बघा. डेक, मोठे स्पीकर, लायटिंगच्या माळा. हिशेब साधा आहे: १०० वॉटचे दोन जादा दिवे १२ व्होल्टवर १६ ते १७ अँपिअर खातात. कारखान्याच्या गेटवर रांगेत मंद चालणाऱ्या इंजिनात अल्टरनेटर त्याच्या पूर्ण ताकदीच्या बराच खाली असतो. मग वाजतं ते बॅटरीतून. चार तासांनी ट्रॅक्टर चालू होत नाही आणि शिव्या बसतात बॅटरीवाल्याला.

पुराच्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीचा हिशेब मात्र वेगळा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात कृष्णाकाठच्या कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या. अशा गाडीत अल्टरनेटरच्या बेअरिंगमध्ये आणि कार्बनजवळ गाळ बसतो. ती आधी चालू करून बघायची नसते. अल्टरनेटर उतरवून, उघडून साफ करणं हे इलेक्ट्रिशियनचं काम, तिथं घरगुती पाना थांबतो.

आधी काळ विचारा

म्हणून मी म्हणतो, चार्जिंगची तक्रार आली की पाना उचलण्याआधी एक प्रश्न विचारा: ही गाडी कोणत्या काळातली? दारात जुनी डायनामोची जीप असेल तर आजोबांचं ज्ञान सोन्यासारखं आहे. ती वर्षभर उभी असेल तर डायनामोतलं उरलंसुरलं चुंबकत्वही गेलेलं असू शकतं, आणि ते पुन्हा जागवायची रीत जुन्या मिस्त्रीलाच येते. जुन्या ब्रिटिश धाटणीच्या गाडीत अनेकदा बॅटरीचं अधिक टोक बॉडीला जोडलेलं असायचं, हेही त्यालाच आठवेल. पण अल्टरनेटरची गाडी असेल तर चालू इंजिनात टर्मिनलला हात लावायचा नाही. पुढच्या वेळी धक्का मारून झाल्यावर कुणी पाना घेऊन आला, तर त्याचा अपमान करू नका. त्याला हे कुणीतरी हाताला धरून शिकवलंय, आणि शिकवणारा त्याच्या काळात बरोबर होता. त्याच्या हातात मीटर द्या. असली माणसं मीटर आपल्यापेक्षा लवकर शिकतात.

आणि एक छोटं काम आजच करा. तीन आकडे मोजा: सकाळचा, चालू इंजिनाचा आणि लोड टाकल्यावरचा. तारीख घालून एका चिठ्ठीवर लिहा आणि बॉनेटच्या आत चिकटवा. सहा महिन्यांनी पुन्हा मोजाल तेव्हा काय बदललं ते ती चिठ्ठीच सांगेल.

तुमच्या गावात डायनामोची कुठली जीप किंवा जुना ट्रॅक्टर अजून चालत असेल, तर तिचा मिस्त्री कोण आणि तो ती कशी तपासतो, हे मला जरूर कळवा. ही माहिती कुठल्या पुस्तकात सापडत नाही, आणि ती माणसं आता थकली आहेत.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.